आयोडीननं व्हिटॅमिन सी मोजायचं कसं: लिंबू, जाम (पेरू) आणि आवळा

काचेचे दोन पेले घ्या. दोन्हींत शंभर-शंभर मिली डिस्टिल्ड पाणी आणि चमचाभर स्टार्चचं पाणी घाला. एकात पाव चमचा लिंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवा. दुसऱ्यात अर्धं लिंबू पिळून, गाळून घाला. चवीला दोन्ही आंबट. आता ड्रॉपरनं दोन्हींत पातळ केलेलं आयोडीन थेंब-थेंब सोडा. लिंबूसताचा पेला पहिल्या एक-दोन थेंबांतच गर्द निळा होतो. लिंबाच्या पेल्यात थेंब पडतो तिथे निळा डाग उमटतो आणि पेला हलवला की विरून जातो. पुन्हा थेंब, पुन्हा डाग, पुन्हा पाणी स्वच्छ. पन्नास थेंब होतात, ऐंशी होतात, तरी निळा रंग टिकत नाही. मग एक थेंब असा पडतो की कितीही हलवा, रंग जात नाही.

त्या थेंबापर्यंत किती आयोडीन लागलं हे मोजणं म्हणजेच व्हिटॅमिन सीचं टायट्रेशन, पाठ्यपुस्तकातलं अनुमापन. आंबट चवीचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे वरचे दोन पेले शेजारी ठेवले की मुलांना समजावून सांगावं लागत नाही. ज्या शास्त्रज्ञाला व्हिटॅमिन सीसाठी १९३७ चं नोबेल मिळालं, त्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गींनाही पहिला सुगावा असाच लागला होता. त्यांच्या प्रयोगातला रंग लिंबूवर्गीय फळाचा रस घातल्यावर थोडा उशिरा येत होता. आपण तोच उशीर मोजतो आहोत, फक्त ब्युरेटनं, म्हणजे खाली तोटी आणि अंगावर मिलीच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीनं.

हा लेख इंदुरात अकरावी-बारावीचा प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी आणि घरच्या ओट्यावर हे करून बघू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

आत काय घडतं

व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड. त्याचा एक रेणू आयोडीनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन देतो आणि स्वतः डीहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड होतो. आयोडीनचं आयोडाइड होतं. आयोडाइडला रंग नाही आणि ते स्टार्चला निळं करत नाही. व्हिटॅमिन सी संपलं की पुढच्या थेंबातलं आयोडीन मोकळं राहतं, आयोडाइडबरोबर स्टार्चच्या साखळीच्या वेटोळ्यात जाऊन बसतं आणि निळा रंग येतो.

नातं एकास एक असल्यामुळे हिशेब सोपा आहे. ॲस्कॉर्बिक ॲसिडचा रेणुभार १७६.१२. आयोडीनचं द्रावण ०.००५ मोलर असेल (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) तर त्याचा १ मिली ०.८८ मिग्रॅ व्हिटॅमिन सी संपवतो. एवढा एक आकडा लक्षात ठेवा. मात्र तुमच्या बाटलीतलं आयोडीन खरोखर ०.००५ मोलर आहे असं धरून चालू नका. आयोडीन उडतं, उजेडात बिघडतं, आणि विकतच्या बाटलीवरची टक्केवारी औषधासाठी पुरेशी असली तरी मोजमापासाठी पुरत नाही. म्हणून फळाला हात लावण्याआधी, त्याच दिवशी, त्याच बाटलीतलं आयोडीन माहीत असलेल्या व्हिटॅमिन सीवर चालवून बघायचं. नवशिक्यांची निम्मी चुकलेली उत्तरं ही एक पायरी गाळल्यामुळे चुकलेली असतात.

आयोडीन कुठून आणायचं

तीन वाटा आहेत.

घरी करणाऱ्यांसाठी पहिली: औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीनचं ५ टक्के द्रावण. गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळतं, दवा बाजारात तर हमखास. बाटलीवर ‘सोल्यूशन’ लिहिलेलं बघून घ्या. मलम नको, आणि शस्त्रक्रियेआधी हात धुवायचं फेसाळ ‘स्क्रब’ही नको, कारण त्यात साबणासारखी द्रव्यं असतात. ५ टक्क्यांच्या द्रावणात कामाचं आयोडीन साधारण अर्धा टक्का असतं, म्हणजे जवळपास ०.०२ मोलर. त्यातलं २५ मिली घेऊन डिस्टिल्ड पाण्यानं १०० मिली केलं की आपल्याला हवं तेवढं, साधारण ०.००५ मोलर होतं. बाटली १० टक्क्यांची असेल तर १२.५ मिली घ्या. या द्रावणाचा एक स्वभाव आहे. पोव्हिडोन आयोडीनला धरून ठेवतं, त्यामुळे शेवटी निळा रंग जरा रेंगाळत येतो. शेवटच्या मिलीला घाई केली तर दोन-चार थेंब हमखास जास्त पडतात.

दुसरी वाट कॉलेजच्या लॅबची. १.२७ ग्रॅम आयोडीन आणि ४ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड. आयोडीन नुसत्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आयोडाइड असलं तरच विरघळतं. आणि हे दोन्ही आधी २०-२५ मिली पाण्यातच, दाट असताना, विरघळवायचं. स्फटिक पूर्ण दिसेनासे झाल्यावरच पाणी वाढवून १ लिटर करा. सुरुवातीलाच लिटरभर पाणी ओतलं की तळाशी काळे खडे तासन् तास बसून राहतात आणि द्रावण रोज थोडं थोडं बदलत जातं. आयोडीन झाकण असलेल्या काचेच्या कुपीत तोला. उघड्या कागदावर ठेवलं तर वाफ काट्याच्या धातूला खाते.

तिसरी वाट आम्हाला सगळ्यांत भरवशाची वाटते: पोटॅशियम आयोडेट. हे पांढरं, न उडणारं, नीट तोलता येणारं मीठ आहे. ११० अंशांवर तासभर वाळवून ०.३५७ ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवा. ब्युरेटमध्ये हे रंगहीन द्रावण भरायचं, आणि फ्लास्कमध्ये नमुन्याबरोबर साधारण १ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ५ मिली १ मोलर सल्फ्युरिक ॲसिड घालायचं. आयोडेटचा थेंब फ्लास्कमध्ये पडताच तिथल्या तिथे आयोडीन तयार होतं, आयोडेटच्या एका रेणूमागे आयोडीनचे तीन. याचाही १ मिली ०.८८ मिग्रॅ व्हिटॅमिन सीइतकाच भरतो. अट एवढीच की मिलीग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. आणि फ्लास्कमध्ये ॲसिड घालायला विसरू नका, आम्लाशिवाय आयोडेटमधून आयोडीन सुटत नाही. सल्फ्युरिक ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. घरी हे ॲसिड आणूच नका, पहिल्या वाटेला त्याची गरज नाही.

कुठलंही आयोडीन असो, तपकिरी काचेच्या बाटलीत, बूच घट्ट लावून, अंधारात ठेवा. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिसाच्या वर असतो तेव्हा उघड्या ब्युरेटमधलं आयोडीन बघता बघता हलकं होतं. सकाळी लवकर काम उरका आणि तेवढा वेळ छताचा पंखा बंद ठेवा.

बाकी सामान

५० मिलीची ब्युरेट, १० आणि ५० मिलीच्या पिपेट, २५० मिलीचे कोनिकल फ्लास्क, २५० मिलीचा मेजरिंग फ्लास्क, पांढरी टाइल, मलमलचं फडकं. ब्युरेटची तोटी काचेची किंवा टेफ्लॉनची असावी. जुन्या लॅबमध्ये रबरी नळी आणि चिमटा लावलेल्या ब्युरेट असतात. त्यांत आयोडीन भरलं तर ते रबराला लागतं, नळी कडक होते आणि आयोडीन वाटेतच कमी होतं. अशीच ब्युरेट वाट्याला आली तर आयोडेटची वाट धरा.

ब्युरेट नसेल तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, सराफ्यात दागिन्याला वापरतात तसला. तो खिशात मावणाऱ्या आकारातही मिळतो. आयोडीन बारीक तोंडाच्या ड्रॉपरच्या बाटलीत भरा, बाटली तोला, टायट्रेशन करा, पुन्हा तोला. जो फरक आला तेवढे ग्रॅम आयोडीन लागलं. मिलीचा विचारच नको. माहीत असलेल्या व्हिटॅमिन सीला लागलेलं आयोडीनही ग्रॅमनंच मोजलेलं असल्यामुळे द्रावणाची घनता हिशेबातून आपोआप निघून जाते. कंजूषपणानं विकत घेतलेल्या गळक्या ब्युरेटपेक्षा ही रीत कितीतरी अचूक आहे.

पाणी डिस्टिल्डच हवं. गाडीच्या बॅटरीत घालायचं डीमिनरलाइज्ड पाणी चालतं, फक्त ते पाणी आहे, बॅटरीचं ॲसिड नाही, हे लेबल वाचून खात्री करा. नळाला येणारं नर्मदेचं पाणी पिण्याला उत्तम, पण त्यात बायकार्बोनेट असतं आणि ते आम्लता कमी करतं. बोरिंगचं पाणी तर आणखी जड. आणि तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी अजिबात नको. तांब्याचा अंश असला की हवेतला ऑक्सिजन व्हिटॅमिन सीला झपाट्यानं खातो. याच कारणासाठी पितळेची वाटी आणि लोखंडी सुरीही बाजूला ठेवा. स्टील आणि काच चालेल.

स्टार्चचं पाणी

१ ग्रॅम विद्राव्य स्टार्च १० मिली थंड पाण्यात कालवा. ९० मिली पाणी उकळत ठेवा, त्यात ही पेस्ट ढवळत ओता, मिनिटभर उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. स्टार्च नसेल तर आरारोट, अगदी साबुदाणा उकळून गाळलेलं पाणीही काम देतं. पोहे भिजवून निथळलेल्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकून बघा, तेही निळं होतं.

स्टार्च गरम असताना वापरू नका, उष्णतेनं निळा रंग नाहीसा होतो. उन्हाळ्यात हे पाणी दुसऱ्या दिवशी आंबतं आणि निळ्याऐवजी मळकट जांभळा-तांबूस रंग देऊ लागतं. रोज ताजं करा.

इथे एक गोंधळ फार होतो. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट घालून आयोडीन मोजताना स्टार्च शेवटी घालतात, द्रावण फिकट पिवळं झाल्यावर. मुलांनी ते पाठ केलेलं असतं. आपल्या टायट्रेशनमध्ये फ्लास्कमध्ये सुरुवातीला आयोडीन नसतंच, म्हणून स्टार्च पहिल्यापासून घालायचं, दर वेळी १ मिली.

माहीत असलेलं व्हिटॅमिन सी

आधी २ टक्के सायट्रिक ॲसिडचं पाणी लिटर-दोन लिटर करून ठेवा: लिटरमागे २० ग्रॅम लिंबूसत. पुढे सगळीकडे हेच वापरायचं आहे. याचे दोन फायदे आहेत. आम्लात व्हिटॅमिन सी टिकतं, आणि सायट्रिक ॲसिड तांबं-लोखंडाचे भटके अंश बांधून ठेवतं. ते स्वतः आयोडीन घेत नाही, हे पहिल्या पेल्यानं दाखवलंच आहे. लॅबमध्ये याच कामाला ऑक्झॅलिक किंवा मेटाफॉस्फोरिक ॲसिड वापरतात. ऑक्झॅलिक विषारी आहे, स्वयंपाकाच्या मिक्सरच्या भांड्यात ते जाता कामा नये.

शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिडची पूड मिळाली तर १.०० ग्रॅम घेऊन या आंबट पाण्यानं १ लिटर करा. झालं १ मिलीला १ मिग्रॅ. पूड नसेल तर ५०० मिग्रॅची गोळी कुटून ५०० मिलीत विरघळवा आणि न विरघळलेला गाळ खाली बसू द्या. गोळीत थोडी खोट धरावी लागते, कारण मुदत संपेपर्यंत लेबलवरचा आकडा टिकावा म्हणून बनवणारे सहसा थोडं जास्त भरतात. चघळायच्या गोळीत सोडियम ॲस्कॉर्बेटही असतं. आंबट पाण्यात तेही तसंच वागतं, त्याची काळजी नको. शाळेच्या प्रोजेक्टला गोळी पुरेशी आहे, फक्त वहीत ‘प्रमाण: गोळी’ असं स्पष्ट लिहा. हे द्रावण एक-दोन तासांत वापरून टाका. कालचं आज वापरू नका.

फळाचा अर्क

लिंबू सोपं आहे. पिळा, मलमलमधून गाळा, २० मिली रस घ्या आणि त्यात ३० मिली आंबट पाणी घाला.

जामाला जरा हात चालवावा लागतो. घरात आपण पेरू म्हणतो, पण ठेल्यावर जाम म्हणूनच मागायचा. गुलाबी गराचा नको, पांढऱ्या गराचा घ्या, शेवटचा रंग ओळखणं सोपं जातं. मिक्सरच्या भांड्यात आधी १०० मिली आंबट पाणी घाला, भांडं काट्यावर ठेवून शून्य करा आणि फळाच्या फोडी थेट त्यात कापा, २५ ग्रॅम होईपर्यंत. ताटलीत कापून, सावकाश तोलून, मग भांड्यात टाकलं तर कापलेल्या भागाला तेवढा वेळ हवा लागते. साल आणि मधला बियांचा गर दोन्ही प्रमाणात येतील अशी उभी फाक घ्या, कारण व्हिटॅमिन सी फळात सगळीकडे सारखं नसतं. मिक्सर दहा सेकंदांचे तीन झटके, त्याहून जास्त नाही. जास्त फिरवलं की फेस येतो, म्हणजे हवा मिसळली. फडक्यातून गाळा, चोथा आंबट पाण्यानं दोनदा धुऊन पिळा, आणि सगळं मिळून २५० मिली करा. यातले ५० मिली म्हणजे ५ ग्रॅम जाम.

आवळ्यात व्हिटॅमिन सी खूप, म्हणून २५० मिलीला १० ग्रॅमच घ्या. कार्तिकात, आवळी भोजनाच्या दिवसांत, ताजे आवळे भरपूर मिळतात, तेव्हाच हा प्रयोग करावा. मोरावळ्याचा पाक पिपेटनं मोजू नका, तो आतल्या भिंतीला चिकटून राहतो. काट्यावर तोला.

काकडी, कोबी, भोपळा यांच्यात व्हिटॅमिन सी खाणारं एन्झाइम असतं. चिरल्याबरोबर ते कामाला लागतं. भाजी आम्लात बुडवूनच वाटा, नाहीतर आकडा तुमच्या डोळ्यांदेखत उतरत जाईल.

टायट्रेशन

१. ब्युरेट आधी पाण्यानं, मग त्याच आयोडीनच्या ५-५ मिलीनं दोनदा खंगाळा. भरा, तोटी उघडून टोकातला हवेचा बुडबुडा काढा, वरचं नरसाळं उचलून बाजूला ठेवा.

२. आधी कोरी चाचणी. ५० मिली आंबट पाणी, १ मिली स्टार्च, आणि निळं होईपर्यंत आयोडीन. एक-दोन थेंब, म्हणजे साधारण ०.१ मिली लागायला हवं. जास्त लागलं तर पाण्यात किंवा लिंबूसतात काहीतरी आहे. ते आधी शोधा.

३. १० मिली माहीत असलेलं द्रावण, ४० मिली आंबट पाणी, १ मिली स्टार्च. फ्लास्क पांढऱ्या टाइलवर. एका हातानं तोटी, दुसऱ्यानं फ्लास्क गोल फिरवत राहायचं.

४. सुरुवातीला धार चालेल. निळा डाग विरायला वेळ लागू लागला की थेंबावर या. शेवटी अर्धा थेंब: तोटीच्या टोकाला लोंबू द्या, फ्लास्कच्या आतल्या कडेला टेकवा, पाण्याच्या पिचकारीनं खाली धुवा. निळा रंग ३० सेकंद टिकला की थांबा. पुढे दोन-तीन मिनिटांनी तो फिका झाला तर होऊ द्या, आणखी थेंब टाकू नका.

५. तीन वाचनं ०.१ मिलीच्या आत जुळेपर्यंत करा. पहिलं बहुतेक वेळा जास्त येतं. ते अंदाजासाठी होतं असं समजून सोडा.

६. लगेच फळाचा अर्क, ५० मिली, तसाच.

दाट रंगाच्या आयोडीनच्या पृष्ठभागाचा खालचा वक्र ब्युरेटमध्ये दिसत नाही. वरची कड वाचा, पण सुरुवातीलाही वरचीच आणि शेवटीही वरचीच. सुरुवातीला खालची, शेवटी वरची असं झालं तर प्रत्येक वाचन सारखंच चुकतं आणि तीन वाचनं जुळलेली बघून मनाला खोटा दिलासा मिळतो.

हिशेब

समजा, माहीत असलेल्या १० मिग्रॅला ११.८ मिली आयोडीन लागलं, कोऱ्या चाचणीला ०.१. खरं लागलं ११.७ मिली. म्हणजे आजचं आयोडीन मिलीला १० भागिले ११.७, म्हणजे ०.८५५ मिग्रॅ व्हिटॅमिन सी संपवतं. पुस्तकातल्या ०.८८ पेक्षा कमी, कारण बाटलीतलं आयोडीन थोडं हलकं आहे.

जामाच्या ५० मिलीला लागलं ११.४, कोरं वजा करून ११.३. गुणिले ०.८५५ म्हणजे ९.६६ मिग्रॅ. हे ५ ग्रॅममध्ये, तर १०० ग्रॅममध्ये १९३ मिग्रॅ.

हा आकडा पटतो का? पोषणाच्या तक्त्यांत जाम १०० ग्रॅमला साधारण २०० मिग्रॅच्या आसपास असतो, लिंबाचा रस ४०-५०. आवळ्याचे आकडे अडीचशेपासून सहाशेपर्यंत छापलेले सापडतात, म्हणून तुमच्या आवळ्याचा आकडा शेजाऱ्याशी जुळला नाही तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. आणि १९३ च्या पुढे १९३.२० असं दशांश लिहू नका. एक थेंब ०.०५ मिलीचा, म्हणजे तोच १०० ग्रॅममागे जवळपास एका मिग्रॅचा फरक करतो.

काय मोजू नये, आणि का

आयोडीन व्हिटॅमिन सीला ओळखत नाही. जो कुणी इलेक्ट्रॉन देईल त्याच्याकडून ते घेतं. या रीतीची सगळ्यांत मोठी मर्यादा हीच, आणि बाटलीबंद पेयं मोजताना ती पुरेपूर जाणवते.

स्क्वॅश आणि क्रशमध्ये टिकवण्यासाठी बऱ्याचदा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातलेलं असतं. लेबलवर २२० ते २२४ मधला कुठलाही क्रमांक दिसला तर तो सल्फर डायऑक्साइडच्या घराण्यातला समजा. १ मिग्रॅ सल्फर डायऑक्साइड २.७५ मिग्रॅ व्हिटॅमिन सीइतकं आयोडीन खातं. लिटरमध्ये तो १०० मिग्रॅ असला तरी १०० मिली पेयात २७ मिग्रॅ व्हिटॅमिन सी ‘सापडेल’, जे तिथे नाहीच. प्रोजेक्टमध्ये डबाबंद रस ताज्या लिंबाला मागे टाकताना दिसला, तर निष्कर्ष लिहिण्याआधी लेबल वाचा. २११ क्रमांकाचं सोडियम बेंझोएट मात्र आयोडीनशी काही करत नाही.

जिरावण (इंदुरी मसाला) किंवा काळं मीठ भुरभुरवलेला जाम खायला कितीही छान असला तरी मोजायला घेऊ नका. काळ्या मिठाला तो वास ज्या गंधकाच्या संयुगांमुळे येतो, तीही आयोडीन खातात. इंदुरी शिकंजीत व्हिटॅमिन सी शोधायला जाऊ नका. ती दुधाची असते, आणि दुधातली प्रथिनं आयोडीन धरतात, शिवाय त्या पांढऱ्या दाटपणात शेवट कळत नाही. जांभूळ, डाळिंब, बीट यांचा स्वतःचा रंगच निळ्याला झाकतो. संत्र्याचा रस पाचपट पातळ केला की चालतो, पण निळ्याऐवजी हिरवट-करडा शेवट दिसेल. तो ओळखण्यासाठी शेजारी टायट्रेट न केलेला तसाच एक फ्लास्क ठेवा आणि दोन्हींचा रंग ताडून बघा.

साखरेची भीती वाटते तेवढी नको. आम्लात आयोडीन साखरेला हात लावत नाही, अल्कली असेल तर लावतं. सोडा घातलेलं सरबत म्हणूनच आधी आंबट पाण्यात घ्या.

आवळ्यात टॅनिन असतात. ती आयोडीन हळूहळू खात राहतात, म्हणून आवळ्याचा निळा रंग वारंवार परततो आणि माणूस थेंबामागून थेंब टाकत बसतो. तीस सेकंदांचा नियम इथे कडक पाळा, तरीही आकडा थोडा चढाच येतो असं धरून चाला.

उलट दिशेची मर्यादाही आहे. ही रीत फक्त न बदललेलं ॲस्कॉर्बिक ॲसिड मोजते. डीहायड्रो झालेलं शरीराला उपयोगी पडतं, पण आयोडीनला ते दिसत नाही. सकाळी काढलेला रस संध्याकाळी मोजला आणि आकडा निम्म्यावर आला, तर ‘निम्मं व्हिटॅमिन नष्ट झालं’ असं लिहू नका. ‘ॲस्कॉर्बिक ॲसिड निम्मं उरलं’ असं लिहा.

आयोडेटच्या वाटेनं जाणाऱ्यांसाठी आणखी एक: पोटॅशियम आयोडाइडचे स्फटिक पिवळे पडलेले असतील तर वापरू नका. त्यांत आधीच सुटलेलं आयोडीन गुपचूप तुमचं व्हिटॅमिन सी संपवतं आणि उत्तर कमी येतं. पारख सोपी आहे: आयोडाइड, ॲसिड आणि स्टार्च एकत्र करा, एकही थेंब न टाकता निळं झालं तर ती बाटली बाद.

आवरताना

ब्युरेट लगेच पाण्यानं धुवा, उलटी टांगा. कुठल्याही फ्लास्कमधलं, अगदी ब्युरेटमधलंसुद्धा काही पिऊन बघू नका. उरलेलं आयोडीन तसंच मोरीत ओतू नका. त्यात उरलेलं व्हिटॅमिन सीचं द्रावण घालत जा, रंग गेला की भरपूर पाण्याबरोबर सोडा. ओट्यावर, बोटांवर, पांढऱ्या टाइलवर पडलेले तपकिरी डागही याच द्रावणाच्या बोळ्यानं पुसा. ते संपलं असेल तर लिंबाची फोड घासा. डाग फिकट होत जाताना नीट बघा, मगाशी फ्लास्कमध्ये जे घडत होतं तेच इथे ओट्यावर घडतंय.